वंदनाला एक तास

थायलंडला जातोय असं इंदूरमध्ये सांगायचं म्हणजे आधी समोरच्याचं हसू बघायची तयारी ठेवावी लागते. मी पोलोग्राउंडला पंपांच्या एका कारखान्यात प्लॅनिंगचं काम बघतो. सुट्टीचा अर्ज दिला तेव्हा शेजारच्या टेबलवाल्याने तो वाचला, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "भिया, थाईलैंड? अकेले?" मी म्हटलं, अकेला कसला, बायको आहे, मुलगी आहे, आई आहे. त्याने अर्ज परत एकदा वाचला. "माताजी को ले जा रिये हो? थाईलैंड?" मग खुर्ची परत नेली आणि दिवसभर माझ्याशी फार आदराने बोलला.

पण जायचं होतं ते माताजींसाठीच. आम्ही बौद्ध. आजोबा महूला फौजेत होते, वडील बिजलीच्या दफ्तरात, मी पंपांत. आई घरीच असायची, पण रविवारी सकाळी विहारात वंदना सांगायचा मान तिचा. पांढरी साडी नेसून पुढे बसायची, ती एक ओळ म्हणायची आणि मागून सगळे म्हणायचे. चाळीसेक वर्षं हे चाललं. गेल्या वर्षी अचानक बंद झालं. आता ती मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते आणि पूर्ण वेळ गप्प राहते. विचारलं की म्हणते, "घसा बसतो रे." मी घशाच्या गोळ्या आणून दिल्या आणि माझ्याकडून विषय संपवला. असा मी कर्तबगार मुलगा आहे.

एक दिवस मुलीने तिला सहज विचारलं, "आजी, तुला जगात कुठेही नेलं तर कुठे जाशील?" आई म्हणाली, "जिथे सगळेच आपल्यासारखे आहेत तिथे. तिथल्या विहारात जाऊन वंदना ऐकीन. त्यांची कशी असते ते बघीन. आणि धीर झाला तर म्हणीन एकदा." मुलीने संध्याकाळी मला हे सांगितलं. धीर या शब्दापाशी मी थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो नाही, मी सरळ लॅपटॉप उघडला.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. कारखान्यात कुठली मशीन कधी कुठल्या कामाला लागेल हे मी ठरवतो. एखादी लेथ दहा मिनिटं रिकामी दिसली की माझ्या पोटात दुखतं. आणि तसंच घरीही चालतं. बँकॉकला एक गाईडबाई आहे, ती स्वतःची व्हॅन घेऊन एकेका कुटुंबाला दिवसभर फिरवते. बायको शिकवते त्या शाळेतली एक टीचर तिच्यासोबत फिरून आली होती, तिच्याकडून नंबर मिळाला. तीन दिवस ठरले. तीन दिवस म्हणजे माझ्या हिशेबाने तीन शिफ्टा. मी तीन रंगांचा चार्ट बनवला आणि फ्रिजवर चिकटवला. पाण्यावरचा बाजार आठ दहा ते नऊ पंचवीस. हत्ती दहा ते दहा चाळीस. नारळपाणी आठ मिनिटं. बाथरूम, चार माणसं, अकरा मिनिटं.

बायको नागपूरची आहे. तिने चहाचा कप हातात घेऊन चार्ट वरपासून खालपर्यंत वाचला. "अहो, आमच्या पोटालाही टाइमटेबल पाठवून राहिले का तुम्ही?"

"प्लॅनिंग नसलं ना, तर माणूस नुसता भटकतो," मी म्हटलं.

"फिरायलाच चाललोत ना आपण?" ती म्हणाली.

आईने चष्मा लावला, फ्रिजजवळ स्टूल ओढलं आणि तिचा विहार शोधला. दुसऱ्या दिवशी, हत्तीनंतर आणि जेवणाआधी, हिरव्या रंगात होता. पंचवीस मिनिटं. ती म्हणाली, "पंचवीस मिनिटांत तर माझे गुडघे खाली बसायला पण तयार होत नाहीत." बस, एवढंच बोलली आणि मेथी निवडायला गेली. आई भांडत नाही, ती भाजी निवडते. तिने भांडण केलं असतं तर मी जिंकलो असतो. मेथीपुढे माझं काही चाललं नाही. मी हत्ती कापला आणि विहाराला एक तास दिला.

हा बदल गाईडबाईला कळवायचा होता. तिला इंग्रजी छान येतं. मला कामापुरतं येतं. दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच्या आधी माझं आणि तिचं थोडं वाजलं होतं. माझा चार्ट बघून तिने लिहिलं होतं, "सर, टू मेनी. चूज टू." दिवसाला दोनच जागा म्हणे. मला ते फार लागलं होतं. मी इंदूरचा माणूस, सकाळच्या पोह्यांआधी तीन कामं करून येतो, आणि ही मला दोन सांगते. तेव्हा हिला आता आपली ऐपत दाखवू, सरळ तिच्या भाषेतच लिहू, असं मी ठरवलं. फोनमध्ये भाषांतराचं ॲप आहेच. मी मराठीत टाइप केलं: दुसऱ्या दिवशी आईसोबत वंदनाला एक तास पाहिजे, घाई नको. बटण दाबलं. समोर जिलेबीसारखी गोल गोल थाई अक्षरं आली. इतका गर्व मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

लगेच उत्तर आलं. तिने विचारलं होतं, वंदना लहान की मोठी?

मी खूश झालो. किती बारीक विचार करते. लहान मुलांसाठी छोटी वंदना असेल त्यांच्याकडे, मोठ्यांसाठी लांब. मी लिहिलं, मोठी. पूर्ण.

मग तिने विचारलं, जेवणाचं काय? मी लिहिलं, त्या दिवशी शाकाहारी. चालायला काही त्रास? मी आईचा विचार करून लिहिलं, गुडघे दुखतात, हळू चालते. कशी जागा आवडेल? मी लिहिलं, थंड, शांत, गर्दी नको. शेवटी तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि लिहिलं, वंदनाची काळजी करू नका.

मी फोन बायकोला दाखवला. "बघ. याला म्हणतात प्रोफेशनल." तिच्या हातात कणीक होती, तिने लांबूनच मान हलवली. सगळं थाईत आणि ॲपच्या इंग्रजीत होतं, म्हणून वाचलो मी. तिने मी टाइप केलेली मराठी वाचली असती ना, तर तिथेच मला धरलं असतं.

आईने बडा गणपतीजवळच्या दुकानातून नवीन पांढरी साडी आणली. नेसून बघितली, घडी घातली, परत नेसून बघितली. शेवच्या दोन थैल्या घेतल्या, एक आमच्यासाठी आणि एक भंतेजींसाठी. मी म्हटलं, आई, तिथले भंतेजी इंदूरची शेव खातील का? ती म्हणाली, "न खायला काय झालं?" एका दुपारी ती खोलीत एकटी होती आणि आतून पुटपुटल्याचा आवाज येत होता. मी दारात गेलो तर थांबली. "काही नाही, आठवून बघतेय," म्हणाली. मला वाटलं, औषधांची नावं असतील.

बँकॉकला पहिल्या दिवशी माझा चार्ट सकाळी नऊ चाळीसला मेला. पाण्यावरच्या बाजारात आई एका होडीवाल्या म्हातारीशी बोलायला लागली. ही मराठीत, ती थाईत, आणि दोघींना सगळं कळत होतं. वीस मिनिटं गेली. मी घड्याळ दाखवत काठावर उभा होतो आणि माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. गाईडबाईने मला गार पाण्याची बाटली दिली, हातात धरवूनच दिली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आईच्या दिवशी, मी सगळ्यांच्या आधी लॉबीत पोचलो. गाईडबाई आलेली होती. तिच्या हातात उन्हाच्या पाच टोप्या होत्या आणि शेजारी एक घडीची चाकाची खुर्ची. आम्ही चार. मी म्हटलं, पाच का?

"मॅडम वंदना," ती म्हणाली. "काल रात्री पोचल्या ना? प्रवास बरा झाला?"

मी डोक्यात एकेक उत्तर उलटं वाचत गेलो. मोठी. पूर्ण. शाकाहारी. गुडघे दुखतात. थंड जागा आवडते. मी एक अख्खी बाई तयार केली होती, आणि माझ्या सगळ्या नातेवाइकांपेक्षा तिची माहिती जास्त व्यवस्थित दिली होती.

इथे सरळ माणूस हसला असता आणि म्हणाला असता, माफ करा बाई, गडबड झाली, आम्हाला प्रार्थना करायची आहे. मी म्हणालो, "वंदना येत नाहीये."

"अरे. आजारी आहेत?"

"थोड्या," मी म्हटलं.

तिला खरंच वाईट वाटलं. मग म्हणाली, काही हरकत नाही, वंदनाचा एक तास आपण मामांना देऊ. मामा म्हणजे आई. मी म्हटलं, हो हो, तेच तर. झालं की नाही काम? एक तास तर तोच राहिला. वर जाऊन मी आईला सांगितलं, तुझा तास पक्का आहे, दुपारी एक वाजता. तिने नवीन साडी नेसली होती आणि केसांना तेल लावलं होतं.

दुपारी एकला व्हॅन एका गल्लीत थांबली. काचेचं दार, आत एकदम थंड, मंद उजेड, कुठेतरी पाणी वाहतंय, भिंतीत एका कोनाड्यात बुद्धमूर्ती आणि समोर फुलं. आईने तिथेच हात जोडले. दोन मुली आल्या, त्यांनी तिला मोठ्या मऊ खुर्चीत बसवलं आणि कोमट पाण्याच्या घंगाळात तिचे पाय ठेवले. पाण्यात फुलांच्या पाकळ्या होत्या. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, आत जायच्या आधी पाय धुवून देतात. किती चांगली रीत आहे. आपल्याकडे पण सुरू केली पाहिजे."

हे पायांच्या मालिशचं दुकान आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. भिंतीवर पायाच्या तळव्याचं मोठं चित्र होतं, त्यावर ठिपके होते. न कळायला मी काही आंधळा नाही. मी म्हटलं, हो, चांगली रीत आहे, आणि एका कुंडीच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

पाय पुसून झाले. मुली पोटऱ्या दाबायला लागल्या. आई हात जोडून, पाठ ताठ करून बसली होती. दहा मिनिटं गेली, वीस गेली. माझी मुलगी माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती. शेवटी आईने अगदी नम्रपणे विचारलं, "वंदना कधी सुरू होईल?"

गाईडबाईने तेवढा एक शब्द उचलला. "वंदना? आल्या?"

मग सगळं बाहेर आलं. बायकोने माझा फोन मागून घेतला, मी टाइप केलेली ओळ वाचली आणि डोळे मिटले. "वंदनाला," ती म्हणाली. "अहो, वंदनाला म्हणजे बाईला. वंदनेला म्हणजे वंदनेला. चौथीतली पोरं चुकत नाहीत हे."

"मी हिंदी मीडियमचा आहे," मी म्हटलं. तिने गाईडबाईला इंग्रजीत समजावलं. गाईडबाईने तोंडावर हात ठेवला; चार्टमधल्या हत्ती आणि विहाराच्या जागीच तिने हा तास बसवला होता. मुलगी हसायला लागली, बायको हसली, पाय दाबणाऱ्या मुलींना काही कळलं नव्हतं तरी त्या हसल्या. मीही हसायची तयारी केली.

आई हसली नाही. ती म्हणाली, "एक तास मागितला होता रे तुझ्याजवळ." घंगाळात साडीची किनार भिजली होती, ती पिळायला लागली.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कारखान्यात एकदा माझ्या चुकीने पंपांच्या आतले चारशे पंखे, म्हणजे इम्पेलर, उलटे निघाले होते, तेव्हाही नाही.

गाईडबाई आईच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली. तिने हात जोडले आणि हळूच म्हटलं, "नमो." आणि थांबली. आईने वर बघितलं. पुढचा शब्द आईने म्हटला. त्यापुढचा बाईने. दोघींच्या चाली वेगळ्या होत्या, पण गाडी एकाच रुळावर होती. बाईने बायकोला सांगितलं, नदीपलीकडे आमच्या घराजवळ लहानसा विहार आहे, माझी आई रोज जाते, संध्याकाळी पाचला वंदना असते. मी चार्ट उघडून बघितला, संध्याकाळी पाचला मोठा आकाशपाळणा होता. माझ्या मुलीने तो कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

विहार खरंच लहान होता. बाहेर चपला, आवारात कोंबड्या, आत लाल सतरंजी आणि आमच्याकडे असतात तशाच प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आईला एक खुर्ची दिली, आम्ही तिच्या मागे खाली बसलो. भिक्खूंची वंदना आईने डोळे मिटून ऐकली. ती संपल्यावर गाईडबाईने एका म्हाताऱ्या भंतेजींना काहीतरी विनंती केली आणि आम्हाला सांगितलं, हे तुम्हाला पंचशील देतील, ते म्हणतील, तुम्ही मागून म्हणा.

भंतेजींनी सुरुवात केली. आमच्याकडे बुद्धं म्हणतात, ते फुत्थांग म्हणाले. गच्छामिचं खच्छामि झालं. आईने चमकून गाईडबाईकडे बघितलं, बाईने मान हलवली, म्हणजे हेच, बरोबर आहे. आईने तिच्या पद्धतीने म्हटलं. आवाज आधी बारीक निघाला, दुसऱ्या ओळीला जरा मोठा, तिसऱ्या ओळीला अख्ख्या विहारात ऐकू गेला. दोन म्हाताऱ्या बायका वळून बघायला लागल्या. मी मनात म्हटलं, घसा तर एकदम ठीक आहे.

मग पहिलं शील आलं. भंतेजींनी ओळ म्हटली. आईने अर्धी ओळ धडाधड म्हटली आणि थांबली. भंतेजी वाट बघत राहिले. मला वाटलं विसरली, म्हणून मी पुढे वाकलो.

"तो पुढचा शब्द तू म्हण," आई हळूच म्हणाली. "माझा चुकतो."

कुठला शब्द, असं मी विचारणार होतो. पण विचारायच्या आधीच आठवलं. गेल्या वर्षी नवीन फ्लॅटच्या कार्यक्रमाला घर माणसांनी भरलं होतं आणि आई पुढे बसून पंचशील सांगत होती. मी त्याच आठवड्यात फोनवर पाली उच्चारांचे दोन व्हिडिओ बघितले होते. मी सगळ्यांसमोर तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, "आई, शिक्कापदं नाही, सिक्खापदं. शिक्का पोस्टात मारतात." लोक हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. आईही हसली होती, आणि मला वाटलं होतं की तिला मजा आली. पुढच्या रविवारी ती विहारात मागच्या रांगेत जाऊन बसली.

एवढ्या लांब ती हेच ऐकायला आली होती. जे पिढ्यानपिढ्या बौद्ध आहेत ते तो शब्द कसा म्हणतात, ते.

"म्हण ना," आई म्हणाली. "भंतेजी थांबलेत."

मी "सिक्खापदं" म्हटलं. तिने माझ्या मागून म्हटलं, अगदी जपून, आणि ओळ पुरी केली. भंतेजींनी दुसरं शील म्हटलं. आई माझ्याकडे बघत थांबली. आता पूर्ण ओळ मीच म्हणायची, असं तिने धरलं होतं. बायको, मुलगी, गाईडबाई, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. भंतेजींचे उच्चार मला पकडता येईनात, आणि आपले मला माहीत नव्हते. चाळीस वर्षं मी तिच्या मागे बसून नुसते ओठ हलवले होते. तो एक शब्द सोडला तर मला काहीच येत नव्हतं.

"येत नाही?" आईने विचारलं. ती रागावली नव्हती, तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"नाही."

"एकही नाही?"

"नाही गं आई."

ती पुढे वळली, पदर सारखा केला आणि दुसरं शील पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एका दमात म्हटलं. मधला शब्द तिने शिक्कापदं असाच म्हटला, न अडखळता, तिच्या आधीच्या सगळ्या रविवारच्या आवाजात. भंतेजींनी मान हलवली. ते पुढचं म्हणणार, तेवढ्यात आईने हात वर करून त्यांना थांबवलं आणि मान किंचित माझ्याकडे वळवली.

मी हात जोडले आणि तिने म्हटलं होतं तसंच म्हणायला लागलो, शिक्कापदंसकट.

"मोठ्याने," आई म्हणाली.